लॅव्हेंडर दोन तासांत उडतो, मग पैसे वाया गेले का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही 4,000 रुपये मोजून लॅव्हेंडरचा एक परफ्यूम घेतलात. दुकानात कागदाच्या पट्टीवर तो फार आवडला, पण अंगावर दोन तासांत उडून गेला. मग 350 रुपयांची दुसरी बाटली आणली. तिचा वास बेळगावहून खानापूरला परत येईपर्यंत शर्टाला होता, पण उंबरा ओलांडताच आईने विचारलं, "बाम चोळून आलास काय रे?" आता यातली अस्सल कुठली, नकली कुठली, आणि आपल्या हवेत लॅव्हेंडर लावण्यात अर्थ आहे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी बेळगावात सुगंधाच्या धंद्यात आहे. खडेबाजाराच्या अंगाला दुकान आहे. तयार बाटल्या विकतोच, पण खरं काम कंपाउंड, म्हणजे सुगंधी घटकांचं मिश्रण, करून द्यायचं. अगरबत्तीवाले, फिनाईलवाले, साबणवाले, लग्नसराईत अत्तर-गुलाबपाणी नेणारे, सगळ्यांशी रोजचा संबंध. लॅव्हेंडरच्या नावाखाली काय काय विकलं जातं ते रोज नाकाखालून जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. बाटलीत लॅव्हेंडर कुठल्या प्रतीचा आहे, हा एक. तो किती वेळ टिकतो, हा दुसरा. आणि तो तुम्हाला शोभतो का, घरच्यांना सोसतो का, हा तिसरा. टिकला तो अस्सल आणि उडाला ती फसवणूक, असं गणित तुम्ही मांडलंय. लॅव्हेंडरच्या बाबतीत हे गणित बऱ्याचदा उलटं पडतं.

त्याचं कारण आपल्या सवयीत आहे. आपली नाकं अत्तरावर वाढलीत. कानात फाया घालणारी पिढी आठवा: वाळा, हिना, मोगरा. जुन्या पद्धतीच्या अत्तरात फुलांची वाफ चंदनाच्या तेलात मुरवतात. चंदन जड, कातडीवरून सहजासहजी हलत नाही आणि फुलाचा वासही धरून ठेवतं. सकाळी घातलेल्या फायाचा वास रात्री उशीला लागतो तो त्यामुळे. लॅव्हेंडरच्या तेलाचा मोठा भाग दोन घटकांचा असतो, लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट. दोन्ही हलके, उडणारे. उत्तमातलं उत्तम लॅव्हेंडर तेल पट्टीवर टाकलं तरी काही तासांत त्याचा जीव निघून जातो आणि मागे वाळल्या गवतासारखं काहीतरी फिकट उरतं. अंगाच्या उबेवर तर त्याहून लवकर. मिश्रणात लॅव्हेंडरचं काम मांडवाच्या दारातल्या सनईवाल्याचं आहे: तो स्वागत करतो, पंगत उठेपर्यंत वाजवत बसत नाही. म्हणून लॅव्हेंडरचा परफ्यूम जोखताना मी पाहतो ते हे, की तो जातो कसा आणि जाताना मागे काय ठेवून जातो.

आता प्रतीचं बोलू. बाजारात लॅव्हेंडर म्हणून जे तेल येतं ते मुख्यतः तीन झाडांचं. पहिला अस्सल लॅव्हेंडर, फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात साधारण 800 मीटरच्या वरच्या डोंगरांत वाढणारा. बल्गेरियातही तो मोठ्या प्रमाणावर होतो, आणि आपल्याकडे जम्मूतल्या भदरवाहला सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून रोपं घेऊन शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी लावलाय. दुसरा स्पाइक लॅव्हेंडर, खालच्या उष्ण भागातला. आणि तिसरा या दोघांचा संकर, लॅव्हँडिन. लॅव्हँडिनला बी धरत नाही, फांद्यांपासूनच लागवड करावी लागते, पण तेल अस्सलपेक्षा कितीतरी पट जास्त निघतं, त्यामुळे स्वस्त पडतं. (बेळगावही साडेसातशे मीटरवर आहे, मग इथे का नाही, असं गिऱ्हाईक विचारतात. नुसती उंची पुरत नाही. या झाडाला कोरडी, निचऱ्याची जमीन आणि कडक थंडी लागते. खानापूर-जांबोटीच्या पावसात ते मुळापासून कुजतं.)

नाकाला कळणारा मोठा फरक कापराचा. अस्सल लॅव्हेंडरच्या तेलात कापूर साधारण 1 टक्क्याच्या आत असतो. लॅव्हँडिनच्या नेहमीच्या जातीत 6 ते 8 टक्के, आणि स्पाइकमध्ये 10 टक्क्यांच्या पुढेही. म्हणजे तुमच्या आईचं नाक चोख आहे! डोकेदुखीच्या बामात कापूर असतो, आणि तुमच्या दुसऱ्या बाटलीतही बहुधा कापराकडे झुकणारा लॅव्हेंडर आहे. आरतीच्या तबकातला कापूर जन्मभर हुंगलेल्या माणसाला तो पहिल्या श्वासात सापडतो.

हा फरक शिकायला महागड्या बाटल्या लागत नाहीत. घरी मूठभर धणे घ्या, न भाजता खलबत्त्यात जाडसर कुटा आणि लगेच वास घ्या. धण्याच्या तेलात 60 ते 70 टक्के लिनालूलच असतं. कुटल्या कुटल्या जो गोडसर, किंचित लिंबाकडे जाणारा मऊ वास वर येतो, तो लॅव्हेंडरच्या चांगल्या अंगाचा नातेवाईक आहे. मग कापराची एक वडी नाकाशी धरा: नाकाच्या वरच्या टोकाला गार झोंबतं ते. दोन्ही दोनचार दिवस आलटून पालटून हुंगा आणि मग तुमच्या दोन्ही बाटल्या उघडा. कुठली धण्याकडे आहे आणि कुठली कापराकडे, हे कुणी सांगायची गरज राहणार नाही.

पण म्हणून कापूर म्हणजे वाईट आणि लॅव्हँडिन म्हणजे नकली, असं समजू नका. साबणात, कपड्यांच्या पावडरीत, फरशी पुसायच्या पाण्यात लॅव्हँडिन उत्तम चालतं, कारण ते दणकट आहे. भारतात बहुतेकांची लॅव्हेंडरशी पहिली ओळखच मुळी तिथे होते: हॉटेलचं न्हाणीघर, रूम फ्रेशनर, टाल्कम पावडर. त्यात पुन्हा डायहायड्रोमिरसेनॉल नावाचा एक कृत्रिम घटक आहे, लिंबू-लॅव्हेंडरसारखा, थोडा पत्र्यासारखा थंड वास असलेला. 1980च्या दशकात तो पुरुषांच्या परफ्यूममध्ये धडाक्याने आला, मग डिटर्जंटमध्ये उतरला. आज एखादा सेंट लावल्यावर "धुतलेल्या कपड्यांचा वास येतोय" असं कुणी म्हणालं, तर मी आधी त्याच्याकडे बोट दाखवतो. माझ्याकडे फिनाईलसाठी लॅव्हेंडर कंपाउंड नेणारे येतात, त्या कंपाउंडात लॅव्हेंडरच्या झाडाचा थेंबही नसतो. तेच पातळ करून बाटलीत भरलं आणि वर जांभळं लेबल लावलं, की झाला सेंट. तुमची 350ची बाटली तसलीच आहे असं मी न हुंगता म्हणणार नाही, पण संध्याकाळपर्यंत एकाच सुरात टिकणारा "लॅव्हेंडर" झाडाच्या तेलाच्या जोरावर टिकत नाही, एवढं नक्की सांगतो.

याचा अर्थ कृत्रिम ते सगळं टाकाऊ असाही होत नाही. 1882 साली उबिगाँ या फ्रेंच घराण्याने 'फुजेर रोयाल' काढला. लॅव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावरचं दगडफुलासारखं शेवाळ) आणि प्रयोगशाळेत बनवलेलं कूमरिन यांच्या जोडणीवर तो उभा होता, आणि पुढे त्याच्या नावाने परफ्यूमची 'फुजेर' ही एक शाखाच रूढ झाली. कूमरिनचा वास वाळत घातलेल्या गवताचा, बदामाकडे झुकणारा. निपाणीच्या बाजूला तंबाखूच्या वखारीजवळून गेला असाल तर त्या उबदार, कोरड्या गोडव्याची कल्पना तुम्हाला येईल. लॅव्हेंडर उडायला लागला की कूमरिन त्याला खालून झेलतं, आणि दोन्हींच्या मधला क्षण इतका गुळगुळीत असतो की सांधा दिसत नाही. उत्तम फुजेरची ही खूण. दुसरी वाट व्हॅनिलाची: गेर्लँचा 'जिकी' 1889चा, कारोंचा 'पूर अन ओम' 1934चा. दोन्हींत गार लॅव्हेंडर हळूहळू गोड, मऊ होत जातो. 1995च्या 'ले माल'मध्ये पुदिना, लॅव्हेंडर आणि भरपूर व्हॅनिला आहे. तिसरी वाट 1988च्या 'कूल वॉटर'ची, पाण्यासारखी स्वच्छ. वर सांगितलेला डायहायड्रोमिरसेनॉल त्यात भरपूर आहे. आणि लॅव्हेंडर फक्त पुरुषांचा, असं वाटत असेल तर 2019चा 'लिब्र' बघा: लॅव्हेंडर आणि संत्र्याचं फूल, बायकांसाठी काढलेला. ही नावं विकत घ्या म्हणून देत नाही. तुमच्या हातातली बाटली कुठल्या वाटेची आहे हे कळलं, की तिच्याकडून काय मागायचं ते कळतं. व्हॅनिलावाल्याकडून स्वच्छ गारवा मागितला आणि 'कूल वॉटर'च्या वाटेवरच्याकडून ऊब मागितली, तर दोघेही उगाच नापास होतील.

आता मी स्वतः कसं जोखतो ते. दोन पट्ट्या घेतो, पेन्सिलीने नाव आणि वेळ लिहितो. फवारल्यावर लगेच नाक लावत नाही. स्पिरिट उडायला अर्धा मिनिट देतो, नाहीतर पहिला ठसा दारूचाच बसतो. मग पहिला वास. इथे शोधतो तो गोड फळाळपणा, हिरव्या देठाची चव, आणि कापूर असेल तर किती. चांगल्या लॅव्हेंडरमध्ये कापूर असला तरी तो पुढे येऊन बोलत नाही. पट्टी खाली ठेवतो, दुसरं काम करतो. वीसेक मिनिटांनी दुसरा वास: लॅव्हेंडर अजून ओळखू येतोय का, आणि त्याच्यामागून काय डोकावतंय. तिसरा वास तीन तासांनी, आणि माझा निवाडा याच्यावर असतो. लॅव्हेंडर आता जवळजवळ गेलेला. जे उरलंय ते पुन्हा पुन्हा हुंगावंसं वाटतं का? स्वस्त मिश्रणात इथे एक सपाट, साबणी कस्तुरीचा वास उरतो, कुठल्याही बाटलीचा असू शकेल असा. नाहीतर गोडवा चिकट होतो, खडीसाखर ओली झाल्यासारखा. चांगल्यात इथे गवत, लाकूड, व्हॅनिला, काहीतरी ठाम असतं, आणि त्यात लॅव्हेंडरची एक पुसट रेघ सापडते. पट्टी रात्रभर कपाटाबाहेर ठेवून सकाळी चहाच्या आधी पुन्हा बघतो.

पट्टी मात्र अर्धंच सांगते. कागदाला ऊब नाही, घाम नाही, तेलकटपणा नाही. तुम्हाला पट्टीवर आवडलेला वास अंगावर वेगळा लागला यात दुकानदाराची लबाडी असेलच असं नाही. मनगटाच्या जरा वर, हाताच्या आतल्या बाजूला एका हाताला एकच सेंट, आणि मग दुकानातून बाहेर. माझ्या दुकानात उदबत्त्यांचा वास भिनलेला आहे, तिथे कुणाचं नाक धड चालेल? कॉफीच्या बिया हुंगल्याने नाक ताजं होतं म्हणतात. मला स्वतःच्या शर्टाची बाही हुंगणं किंवा रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहणं जास्त उपयोगी वाटतं. एका खेपेला तीनच्या वर सेंट बघू नका.

आणि तुमच्या "दोन तासांत उडाला" याबद्दल एक शंका. उडाला हे ठरवलं कुणी? स्वतःच्या अंगावरचा वास नाक लवकरच मोजायचं सोडून देतं. काही कस्तुरी घटक तर असे असतात की काहींना ते मुळातच येत नाहीत, शेजाऱ्याला स्पष्ट येतात. बसमध्ये शेजारी बसलेल्याला तुमचा 4,000चा परफ्यूम तिसऱ्या तासालाही येत असेल आणि तुम्हाला पत्ता नसेल. म्हणून बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारा, आणि काय लावलंय ते आधी सांगू नका.

बरेच जण बाटलीमागचे घटक वाचून निर्णय घेतात. 'लिनालूल' लिहिलंय म्हणजे अस्सल लॅव्हेंडर आहे, असं एक जण मला पटवत होते. लिनालूल कारखान्यातही बनतो आणि शेकडो सुगंधांत असतो. तो छापतात तो काही त्वचांना त्याचा त्रास होतो म्हणून. नुसत्या नाकाने अस्सलपणाची शंभर टक्के खात्री मलाही देता येत नाही. घाऊक तेल घेताना मी प्रयोगशाळेचा जीसी अहवाल, म्हणजे तेलात कुठला घटक किती आहे ते दाखवणारा कागद, मागतोच.

लावायचं कसं, ते मात्र हवेवर, अंगावर आणि दिवसावर अवलंबून आहे. अथणीकडच्या कोरड्या उन्हात लॅव्हेंडर बघता बघता उडतो. तिथल्या माणसाला मी सांगतो, आधी बिनवासाचं व्हॅसलीन बोटभर चोळा आणि त्यावर फवारा. खानापूरला जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली की वास जास्त जाणवतो, जवळ रेंगाळतो. पावसाळ्यात आपली खरी अडचण वेगळीच: न सुकलेल्या कपड्यांचा कुबट वास. त्याच्यावर गोड, व्हॅनिलाचा लॅव्हेंडर बसला की दोन्ही मिळून असह्य होतं. पावसात साधा, लिंबूवर्गीय जोड असलेला लॅव्हेंडर घ्या, आणि शर्ट इस्त्रीने पूर्ण कोरडा करूनच घाला. मार्च ते मे हलकं कोलोन बरं. उडणारच आहे, तेव्हा छोटी बाटली कचेरीत ठेवा आणि दुपारी तोंड धुतल्यावर पुन्हा लावा. आणि डिसेंबर-जानेवारीच्या बेळगावी सकाळी मात्र, स्वेटर घालायच्या आधी छातीवर लावलेला व्हॅनिलाचा लॅव्हेंडर दुपारपर्यंत जे देतो, त्यासाठी मी वर्षभर वाट बघतो.

दोन फवारे पुरेत, एक छातीवर आणि एक कोपराच्या आतल्या खोलीत. बसमध्ये खिडक्या बंद असतात याचं भान ठेवा. सुती शर्टावर एखादा फवारा चालतो, पण आधी आतल्या शिवणीवर डाग पडतो का बघा. रेशमावर कधीच नाही. शहापूरला घेतलेल्या साडीवर पडलेला सेंटचा डाग घेऊन येणारे लोक बघितलेत, तो निघत नाही.

बाटली जपणं इथे फार महत्त्वाचं, कारण लिनालूल हवा लागून बिघडतो आणि बिघडल्यावर त्वचेला ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो. न्हाणीघरात, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. कपाटात, खोक्यात ठेवा. वर्षानुवर्षं अर्धी पडलेली बाटली एकदम गळ्याला फवारण्याआधी हाताला थोडीशी लावून दिवसभर बघा. खाज सुटली, लाली आली तर ती बंद करा, आणि तेवढ्यानेही थांबलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. लॅव्हेंडरचं नुसतं तेल अंगाला चोळायचा सल्लाही हल्ली फिरतो. तसं करू नका, तेवढं तीव्र तेल अंगावर नकोच.

तर तुमच्या दोन बाटल्या. येत्या रविवारी सकाळी आंघोळीनंतर महागड्या बाटलीचे दोन फवारे छातीवर आणि हातावर मारा, कुठे बाहेर जाऊ नका. तासाभराने आणि मग तीन तासांनी आईला जवळून काही येतंय का विचारा, तिला बाहेरून आत आल्यावर. तिसऱ्या तासाला ती "बरं वाटतंय" म्हणाली तर तुमचे पैसे वाया गेलेले नाहीत, वापरत राहा. त्या वेळी तिलाही काहीच आलं नाही, तर लेबल बघा. 'कोलोन' लिहिलं असेल तर ती वागतेय ते बरोबरच आहे, त्यात सुगंधाचा अंश फक्त 2 ते 5 टक्के असतो. 'ओ द परफ्यूम' (कोलोनपेक्षा बराच दाट प्रकार) लिहूनही तिसऱ्या तासाला रिकामी होत असेल, तर तिच्या लॅव्हेंडरला खालून झेलणारं काही नाही. पुढच्या वेळी कूमरिन किंवा व्हॅनिलाच्या वाटेवरची बघा. स्वस्त बाटली फेकायची गरज नाही. रुमालाला एक फवारा मारून तो शालींच्या कप्प्यात ठेवा. कापराचा वास तिथे कुणाला खुपत नाही.

पुढची बाटली घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराकडे फवारलेली पट्टी घरी न्यायला मागा, आणि खरेदी दुसऱ्या दिवशी करा. पट्टी द्यायला कुरकुर करणाऱ्याकडे 4,000 रुपये मोजू नका.